बर्फाचा बांध

'ढिगारा' या शब्दाला आपल्याकडे काडीची प्रतिष्ठा नाही. ढिगारा म्हणजे राडारोडा, ढिगारा म्हणजे अडगळ. डंपर बोलवायचा, भरायचा आणि लांब कुठेतरी नेऊन ओतायचा. माझं म्हणणं असं आहे की काही ढिगारे म्हणजे दप्तर असतं. त्यांत नोंदी असतात, तारखा असतात, हद्दी असतात. आणि अशा दप्तराशी आपण जसे वागतो, त्याची किंमत कधी ना कधी मोजावी लागते.

हे लिहायला निमित्त झालं आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या एका फॉरवर्डचं. मजकूर साधारण असा: हवामान काय, नेहमीच बदलत आलंय. बारा हजार वर्षांपूर्वी युरोपच्या उत्तरेला बर्फच बर्फ होता, तो काय मोटारींच्या धुराने वितळला? खाली दादाने लिहिलं, "तू तिकडेच राहतोस ना, मग सांग." अंगठ्याने टाइप करण्याएवढं उत्तर ते नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

तर मी राहतो फिनलंडमधल्या लाह्ती गावात, हेलसिंकीपासून शंभरेक किलोमीटरवर. इथे 'डोंगर' म्हणावं असं काही नाही. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तर हसूच येईल. पण गावाच्या अंगाला लागून पाइनच्या झाडांनी भरलेली एक लांबच लांब वरंब्यासारखी टेकडी आहे. स्कीवरून उड्या मारायचे इथले प्रसिद्ध उंच मनोरे तिच्यावरच आहेत. १९२३ पासून इथे स्पर्धा भरतात आणि त्या स्पर्धांना नावही या टेकडीचंच आहे: साल्पाउस्सेल्का.

ही एकटी टेकडी नाही. दक्षिण फिनलंडच्या नैऋत्य टोकाला, समुद्रात घुसलेल्या हांकोच्या भूशिरापासून ती सुरू होते, लाह्तीवरून, लाप्पेनरांतावरून पूर्वेला जाते आणि तिथून उत्तरेला योएन्सूच्या दिशेने वळते. पाचशे किलोमीटरहून लांब कमान. तिच्या मागे वीस-पंचवीस किलोमीटरवर तशीच दुसरी, आणि पश्चिमेकडे तिसरी. फिनिश भाषेत 'साल्पा' म्हणजे दाराचा अडसर आणि 'सेल्का' म्हणजे पाठ. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला जमीन कळत होती. कारण या वरंब्याने देशाच्या आतल्या पाण्याला खरोखरच अडसर घातला आहे. फिनलंडचं ते सरोवरांचं जाळं बऱ्याच अंशी याच्यामुळे अडून राहिलंय. सायमा या सर्वांत मोठ्या सरोवराचं पाणी सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी इमात्रापाशी हा बांध फोडून बाहेर पडलं आणि वुओक्सी नदी जन्माला आली.

'बांध' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्याकडे शेताच्या बांधाचं महत्त्व काय असतं ते सांगायला नको. सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात जातात. कारण बांध म्हणजे हद्द. 'माझं इथवर, तुझं तिथून पुढे.' साल्पाउस्सेल्का हा बर्फाचा बांध आहे. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी बर्फाची हद्द इथे होती.

शाळेत आपण हे शिकलो होतो बरं का. हिमोढ! भू-हिमोढ, पार्श्व हिमोढ, मध्य हिमोढ, अंत्य हिमोढ. आकृती काढा, नावे द्या, चार गुण. मी तेव्हा पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो, बहुधा तुम्हीही. आकृतीत नसलेली गोष्ट इथे आल्यावर कळली. बर्फाच्या कडेला नुसता हिमोढ तयार होत नाही. बर्फ पाण्यात उभा असेल तर त्रिभुज प्रदेशही तयार होतो. आणि या दोघांची साक्ष वेगवेगळी असते.

हिमोढ म्हणजे बर्फाने स्वतः ढकलून, खरवडून, सोडून दिलेला माल. त्यात निवड नसते. पिठासारखी माती, वाळू, गोटे आणि खोलीएवढे धोंडे, सगळं एकत्र कालवलेलं. पाण्याने वाहून आणलेला गाळ असा नसतो, कारण पाणी जड ते आधी टाकतं, हलकं पुढे नेतं. तेव्हा असा न निवडलेला माल वरंब्यासारखा पडलेला दिसला की समजायचं, बर्फाची कड इथे होती. साक्ष एवढीच, पण पक्की.

त्रिभुज प्रदेश त्याहून जास्त बोलतो. (नावावर जाऊ नका, हे त्रिकोणी असतीलच असं नाही. इथे तर एकाला एक जोडून त्यांची सलग माळ झाली आहे.) उन्हाळ्यात बर्फ वितळतो, ते पाणी बर्फाच्या पोटातल्या बोगद्यांतून जोरात वाहतं आणि कडेला येऊन समोरच्या सरोवरात पडतं. पडताक्षणी वेग मोडतो आणि वाळू-खडी तिथेच बसते. ढीग वाढत वाढत पाण्याच्या पातळीपर्यंत येतो. त्याच्यावर मात्र तो वाढू शकत नाही. मग तो पुढे सरकायला लागतो: वरून आलेली वाळू पुढच्या उतारावरून घरंगळते, तिरप्या थरावर तिरपा थर चढतो, आणि माथ्यावर आडवे थर अंथरले जातात. अमेरिकेतल्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने आटून गेलेल्या बॉनव्हिल सरोवराच्या काठचे असे त्रिभुज प्रदेश अभ्यासून १८९० मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. तेव्हापासून या रचनेला त्याचंच नाव आहे.

आता यातली गंमत बघा. तिरपे थर जिथे संपतात आणि आडवे सुरू होतात, ती रेघ म्हणजे त्या काळच्या पाण्याची पातळी. धरणाच्या भिंतीवर रंगवलेली पट्टी असते ना, तशी. तिरपे थर कुठल्या दिशेला उतरतात त्यावरून पाणी कुठून कुठे जात होतं ते कळतं. बर्फाला टेकलेली बाजू ओबडधोबड आणि उभी असते, कारण टेकू निघून गेल्यावर ती ढासळते. ढिगात गाडले गेलेले बर्फाचे तुकडे मागाहून वितळले की वरची जमीन खचून खळगा पडतो. इथले लोक त्याला 'सुप्पा' म्हणतात. लाह्तीच्या रानातून चालताना असे खोल, वाडग्यासारखे सुप्पे लागतात. त्यांत उतरलं की उन्हाळ्यातही गारवा जाणवतो.

म्हणजे हिमोढ सांगतो 'बर्फ इथे होता', तर त्रिभुज प्रदेश सांगतो 'बर्फ इथे होता, समोर पाणी होतं, आणि ते एवढं उंच होतं'. तिसरा साक्षीदार म्हणजे सरोवराच्या तळाचा चिकणमातीचा गाळ. उन्हाळ्यात जाडसर फिकट थर, हिवाळ्यात बारीक काळपट थर, अशी दर वर्षाला एक जोडी. झाडाच्या वर्तुळांसारखी ही वर्षं मोजता येतात. स्वीडनच्या गेरार्ड दे गेर यांनी ही मोजदाद सुरू केली आणि फिनलंडमध्ये माट्टी साउरामो यांनी ती पुढे नेली. हातात फावडं, सुरी आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन ही माणसं वर्षानुवर्षं एकेक थर मोजत बसली. त्यातून निघालं ते असं, की बर्फाची कड पहिल्या आणि दुसऱ्या वरंब्यावर प्रत्येकी साधारण दोनशे वर्षं थबकली होती.

दोनशे वर्षं! म्हणजे पेशवाई संपल्यापासून आजपर्यंतचा काळ. एवढा काळ उभा बर्फ, समोर पाणी, आणि दर उन्हाळ्याला वाळूची नवी खेप. म्हणून हा बांध एवढा मोठा.

आता दादाच्या प्रश्नाकडे येतो. हो, हवामान बदलत आलंय. त्यात वाद नाही. हिमयुग ओसरत असताना सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी थंडी पुन्हा परतली आणि ती सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीपर्यंत टिकली. साल्पाउस्सेल्का त्याच थंडीचं अपत्य. आणि नाही, तो बर्फ मोटारींच्या धुराने वितळला नाही. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दप्तरातलं एकच पान वाचलं. पुढचं पान वाचलं असतं तर त्याचा सूर एवढा निवांत राहिला नसता.

पुढचं पान असं आहे. बर्फाच्या कडेसमोर जे पाणी होतं ते म्हणजे आजच्या बाल्टिक समुद्राच्या जागी अडलेलं प्रचंड सरोवर. समुद्राला मिळण्याची वाट बर्फानेच बुजवली होती, त्यामुळे त्याची पातळी समुद्राहून वर होती. बर्फ मागे हटत हटत स्वीडनमधल्या बिलिंगेन टेकडीच्या उत्तर टोकापलीकडे गेला आणि वाट मोकळी झाली. अख्खं सरोवर सुमारे पंचवीस मीटरने खाली आलं. आठ मजली इमारतीएवढं पाणी, तेही एवढ्या मोठ्या पसाऱ्यावरचं, आणि भूशास्त्राच्या हिशेबात अगदी चुटकीसरशी. हे आपल्याला कशावरून कळतं? काठाच्या जुन्या खुणांवरून आणि याच त्रिभुज प्रदेशांच्या माथ्यांवरून. कुठला सपाट माथा आधीच्या पातळीचा, कुठला नंतरच्या, हे वेगळं काढता येतं.

म्हणजे हा बांध 'हवामान बदलतं, काही होत नाही' असं सांगत नाही. तो सांगतो की बदल सरळ रेषेत येत नाही. बर्फ मागे जातो, थबकतो, दोन पावलं पुढे येतो, पुन्हा मागे जातो. मधली दोनशे वर्षं काहीच घडत नाही असं वाटतं. मग एका टेकडीचं टोक मोकळं होतं आणि सगळा हिशेब बदलतो. त्या वेळी या काठांवर माणसं जवळजवळ नव्हतीच. आज जगातल्या सगळ्या काठांवर आपण दाटीवाटीने राहतो. फरक आहे तो इथे. 'पूर्वीही झालं होतं' हे धीर देणारं वाक्य नाही. सावध करणारं आहे.

आणखी एक नोंद या दप्तरात आहे, ती मला फार आवडते. लाह्तीजवळ पहिल्या वरंब्याचे माथे आज समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास आहेत, लाप्पेनरांताकडे शंभरच्या आसपास. दोन्हीकडचे माथे एकाच सरोवराच्या काठी बनले. मग उंची वेगळी का? पाणी तर तिरकं उभं राहत नाही. तिरकी झाली ती जमीन. बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली जमीन ओझं उतरल्यावर वर येऊ लागली, आणि जिथे बर्फ जास्त जाड होता तिथे ती जास्त वर आली. ते उठणं अजून थांबलेलं नाही. बॉथनियाच्या आखाताच्या काठी ते आजही वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर आहे. बारा हजार वर्षांपूर्वी उतरलेल्या ओझ्याचा शीण अजून निघतोय.

आता माझं खरं मत, ज्यावर इथल्या मित्रांशीही माझं जुळत नाही.

हा वरंबा म्हणजे उत्तम वाळू आणि खडीची खाण आहे. पाण्याने धुतलेली, निवडलेली, रस्त्यालगत. १८७० मध्ये सुरू झालेला सेंट पीटर्सबर्गचा लोहमार्ग बराच अंतर याच वरंब्याच्या आधाराने गेला, कारण कोरडी, घट्ट जमीन आयती मिळत होती. पुढे शहरं वाढली, काँक्रीट आलं, आणि वरंब्याला जागोजागी खड्डे पडले. १९८१ मध्ये फिनलंडने माती-खडीच्या उपशासाठी स्वतंत्र कायदा केला. कारण याच वाळूतून पाणी गाळून जमिनीखाली साठतं. लाह्तीच्या नळाला येणारं पाणी याच पोटातलं आहे. म्हणजे वरंबा संपवला तर पाणीही जाणार, हे त्यांना वेळेत कळलं. आपल्याकडे नदीच्या वाळूबद्दल हे कळूनही वळत नाही, त्यावर बोलायला नको.

इथले निसर्गप्रेमी मित्र म्हणतात, एक फावडंही लागता कामा नये. मला ते पटत नाही. खाणी नसत्या तर आतली पानं दिसलीच नसती. वरून पाहिलं तर ती नुसती झाडांची टेकडी आहे. तिरपे थर, आडवे थर, मधेच घुसलेली हिमोढाची जीभ, म्हणजे बर्फ परत पुढे येऊन गेल्याची खूण, हे सगळं दिसतं ते खाणीच्या कापलेल्या भिंतीत. भूशास्त्रज्ञांनी यातलं कितीतरी खाणींतच वाचलंय. पण खाणवाले म्हणतात तेही पटत नाही, की काम संपल्यावर उतार सपाट करून, माती टाकून, पाइन लावले की झालं. दिसायला छान दिसतं. पण ती वाचून झालेली वही जाळल्यासारखी गोष्ट आहे, आणि पुष्कळदा न वाचताच जाळलेली.

माझ्या मते मधला मार्ग सोपा आहे. जिथे खणायला परवानगी द्याल तिथे निदान एक भिंत उघडी ठेवा. खाण चालू असताना जाणकाराला येऊन मोजू द्या, फोटो घेऊ द्या. हे परवान्यातच लिहा. त्याला फार पैसा लागत नाही, फक्त 'ढिगाऱ्यात वाचण्यासारखं काही असतं' एवढं मान्य करावं लागतं. २०२२ मध्ये या परिसराला युनेस्कोने जागतिक भूउद्यान म्हणून मान्यता दिली. चांगलंच झालं. पण फलक लावले म्हणजे वाचन झालं असं नाही.

कुणी म्हणेल, परदेशातल्या टेकडीचं आपल्याला काय? तर मंडळी, केदारनाथ आठवा. आपल्यातली कितीतरी माणसं तिथे जाऊन आली आहेत. ते मंदिर, ती वस्ती, हे सगळं हिमनदीने आणि तिच्या पाण्याने आणून टाकलेल्या मालावर वसलेलं आहे. दोन्ही बाजूंना हिमोढांचे उंच वरंबे आहेत. मंदिरामागे थांबलेल्या ज्या शिळेला लोक भीमशिला म्हणून हात जोडतात, ती तरी अशाच मालातली. वरचं चोराबारी तळं हिमोढानेच अडवलेलं होतं. १७ जून २०१३ च्या सकाळी तो बांध फुटला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवरात बाजूचा गोठलेला हिमोढ कोसळला, लाट उसळली, समोरचा बांध फुटला आणि खाली चुंगथांगचं १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचं धरण वाहून गेलं.

हिमोढाची भिंत म्हणजे दगड-मातीचा न निवडलेला, न दाबलेला ढीग. कधी कधी आत बर्फही असतो, तो वितळला की आतून पोकळ. जमिनीला हे सांगता येत होतं, आणि सांगणारी माणसंही होती. प्रश्न ऐकण्याचा होता, आणि अजूनही आहे.

ऐकण्यावरून आठवलं. हिमनद्या पूर्वी खूप दूरवर पसरल्या होत्या हे विद्वानांच्या आधी स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरी शिकाऱ्याला कळलं होतं. त्याचं नाव ज्याँ-पिएर पेरोदें. खोऱ्यात खूप खाली पडलेले परके धोंडे आणि कातळावरचे ओरखडे पाहून त्याने तर्क बांधला आणि १८१५ मध्ये आपल्या झोपडीत मुक्कामाला आलेल्या शार्पांतिए या खाणतज्ज्ञाला सांगितला. शार्पांतिएला तेव्हा ते अतिशयोक्त वाटलं. जवळजवळ वीस वर्षांनी, १८३४ मध्ये, तोच शार्पांतिए विद्वानांपुढे हाच सिद्धांत मांडायला उभा राहिला. शिकाऱ्याकडे पदवी नव्हती, पण तो रोज त्या दगडांतून चालत होता.

आणि ज्यांना अजूनही वाटतंय की बर्फ ही परक्या मुलखाची गोष्ट आहे, त्यांच्यासाठी शेवटचं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, इराई गावापाशी, चुनखडीचा एक गुळगुळीत, ओरखडे पडलेला कातळ आहे आणि त्यावर लहानमोठ्या गोट्यांचा न निवडलेला थर. फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये त्याबद्दल लिहिलं. ते ओरखडे बर्फाचे आहेत, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे. विदर्भातल्या दगडी कोळशाच्या थरांच्याही खाली हा बर्फाचा जमाखर्च पडून आहे. ओडिशातल्या तालचेरचं नाव या थरांना आहे, कारण तिथे १८५६ मध्येच भूशास्त्रज्ञांनी हे गोटे बर्फाने आणले असावेत असं ओळखलं होतं.

ताडोबाचा वाघ पाहायला पुण्या-मुंबईहून गाड्या भरभरून जातात. जरूर जावं. पण मुलं बरोबर असतील तर एखादा दिवस जास्त काढून त्यांना तो कातळ दाखवा आणि ओरखड्यांवरून बोट फिरवायला सांगा. बर्फ कुठल्या दिशेने गेला ते त्यांचं त्यांना शोधू द्या. चार गुणांच्या आकृतीपेक्षा ते जास्त लक्षात राहील. आणि मोठी होऊन त्यांतलं कुणी रस्ता आखेल, धरण बांधेल किंवा खाणीच्या कागदावर सही करेल, तेव्हा समोरच्या ढिगाऱ्याकडे निदान एकदा नीट बघेल.